गळक्या नळीचा धडा

टप्, टप्, टप्.

मुलुंडला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक खोली आहे. संध्याकाळी सात ते नऊ तेथे मोठ्या माणसांचा वर्ग भरतो. खोलीची मागची खिडकी घरगल्लीत उघडते. गेल्या पावसाळ्यात त्या घरगल्लीत वरून पाणी पडू लागले. आधी थेंब पडे. पुढे थेंबाला थेंब लागला आणि दोऱ्यासारखी बारीक धार झाली. मी फळ्यावर अक्षरे काढी, मंडळी मोठ्याने वाचीत, आणि मागे पाण्याचा आवाज चालू राही. आवाजाची आम्हांला सवय झाली. सवय झाली की दोष दिसेनासा होतो.

वर्गात डोंगराच्या वस्तीतल्या एक बाई येतात. सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्या येताना कळशी आणीत आणि धारेखाली ठेवून मग वर्गात बसत. नऊ वाजता कळशी काठोकाठ भरलेली असे. ती डोक्यावर घेऊन त्या डोंगर चढत.

एके दिवशी मी म्हटले, "मंडळी, आज पुस्तकातले गणित नको. हे मावशींच्या कळशीचे गणित करू."

कळशीत १० लिटर पाणी मावते. ती भरायला २ तास लागतात. म्हणजे तासाला ५ लिटर. दिवसाचे तास २४. पाच चोवीस एकशेवीस. रोज १२० लिटर! तीस दिवसांचे ३,६०० लिटर. वर्षाचे ४३,८०० लिटर.

फळ्यावरचा आकडा पाहून सगळे गप्प झाले. शहरात एका माणसाला रोज १३५ लिटर पाणी लागते, असा सरकारी हिशेब धरतात. म्हणजे जवळजवळ एका माणसाचे पाणी त्या दोऱ्यातून गटारात चालले होते.

मागच्या बाकावरून एका रिक्षावाल्या गृहस्थांनी विचारले, "गुरुजी, पण ही नळी कोणाच्या घरची?"

आम्ही घरगल्लीत जाऊन मान वर करून पाहिले. पहिला मजला गेला, दुसरा मजला आला. नळी माझ्याच घरची होती!

पाणी येते कोठून?

हे पाणी फार लांबून येते. मुंबईला सात तलावांचे पाणी मिळते. विहार तलाव १८६० साली झाला, तुळशी १८७९ साली. हे दोन जवळ, बोरिवलीकडच्या डोंगरात आहेत. शहर वाढले तसे पाणी दुरून आणावे लागले. तानसा १८९२ साली झाले. वैतरणेवरचे मोडकसागर १९५७ साली झाले. पुढे अप्पर वैतरणा आणि भातसा झाली. २०१४ साली मध्य वैतरणा धरण झाले. मुलुंड, भांडुप, घाटकोपर या भागांतून जाणारी तानसाची जाड लोखंडी नळी तुम्ही पाहिली असेल. तिच्या कडेने कितीतरी माणसे रोज चालतात.

धरणातले पाणी शुद्ध करतात. भांडुपला त्याचा मोठा कारखाना आहे. मग ते जलाशयांत आणि तेथून आपल्या गल्लीत येते. पण गल्लीत ते दिवसभर नसते. ठरावीक तासच येते. म्हणून इमारतीखाली एक टाकी असते. पंप त्या टाकीतले पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवतो. गच्चीवरून ते घरोघर उतरते. पंप बिघडला, वीज गेली, तर हाती पाणी असावे म्हणून पुष्कळ घरांत न्हाणीघराच्या माळ्यावर आणखी एक लहान टाकी असते.

म्हणजे माझ्या नळीतून जे पाणी पडत होते, ते धरणातून आलेले, शुद्ध केलेले आणि विजेवर वर चढवलेले होते. एवढी मेहनत आणि शेवट गटारात.

टाकीच्या पोटात काय असते?

टाकीला तीन तोंडे असतात. एका तोंडाने पाणी आत येते. दुसऱ्या, तळाजवळच्या तोंडाने ते आपल्या नळांना जाते. तिसरे तोंड वर, काठाजवळ असते. पाणी वाजवीपेक्षा जास्त चढले तर ते घरात सांडू नये म्हणून या तिसऱ्या तोंडातून भिंतीबाहेर पडते. यालाच ओव्हरफ्लोचा पाईप म्हणतात. आपण त्याला उताराची नळी म्हणू.

उताराची नळी एरवी कोरडी असायला हवी. ती गळू लागली तर दोष नळीचा नसतो. ती बिचारी आपले काम करते. आत काहीतरी बिघडले आहे, हे ती बाहेर सांगते. ताप अंगावर दिसतो, पण रोग पोटात असतो. तसेच हे आहे.

आत पाणी येण्याच्या तोंडाला बॉल कॉक असतो. त्याला एक दांडी आणि दांडीच्या टोकाला पोकळ गोळा असतो. गोळा पाण्यावर तरंगतो. पाणी चढले की गोळा चढतो, त्याबरोबर दांडी वर जाते. दांडीचे दुसरे टोक कॉकच्या आतला दट्ट्या दाबते. दट्ट्याच्या तोंडाला रबराची चकती असते, तिला वायसर म्हणतात. वायसर ज्या कडेवर टेकते, ती कॉकची सीट. वायसर सीटवर घट्ट बसले की पाणी बंद. आपण पाणी वापरले की गोळा उतरतो, वायसर सुटते आणि पाणी पुन्हा सुरू होते. टाकीवर पहारा करायला कोणी बसावे लागत नाही.

दोष कोठे आहे, ते कसे ओळखावे?

प्रथम आवाज ऐका. गच्चीवरच्या मोठ्या टाकीतून सकाळी धो धो पाणी पडते आणि थोड्या वेळाने थांबते, तर पंप वेळेवर बंद झालेला नाही. तेथे पंप लावणाऱ्याला सांगावे. पण लहान धार रात्रंदिवस चालू असेल, तर बहुधा घरातला बॉल कॉक बिघडला आहे.

आता झाकण काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहा. पाणी उताराच्या नळीच्या तोंडापर्यंत चढले आहे काय? चढले नसेल आणि तरीही बाहेर ओल असेल, तर टाकीला चीर आहे किंवा एखादा सांधा सुटला आहे. ते काम प्लंबरचे.

पाणी तोंडापर्यंत चढले असेल, तर गोळा हाताने हलकेच वर उचला.

येणारे पाणी पूर्ण थांबले, तर वायसर ठीक आहे. दोष गोळ्यात किंवा दांडीत आहे. गोळा काढून कानाशी हलवा. आत पाणी डुचमळले तर तो फुटला आहे. फुटका गोळा तरंगत नाही. तो बदलावा. गोळा चांगला असेल, तर तो टाकीच्या भिंतीला अडतो काय, ते पाहावे. अडतही नसेल, तर दांडी फार वर बसली आहे. पितळी दांडी दोन्ही हातांनी धरून किंचित खाली वाकवावी. काही कॉकना यासाठी स्क्रू असतो, तो फिरवावा.

गोळा उचलूनही पाणी झिरपतच राहिले, तर वायसर झिजले आहे, किंवा सीटवर कचरा बसला आहे, किंवा सीटच खराब झाली आहे.

माझ्या टाकीत गोळा उचलला तरी पाणी थांबेना.

काम कसे करावे?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी, रिक्षावाले गृहस्थ आणि वर्गातली आणखी दोन माणसे, असे आम्ही कामाला लागलो. आम्ही केले ते क्रमाने सांगतो.

१. पायाखाली भक्कम घोडा किंवा शिडी घेतली. ती एकाने धरून ठेवली. बादलीवर किंवा बेसिनवर उभे राहू नये. न्हाणीघरात गिझर असेल तर त्याचे बटण आधी बंद करावे. ओल्या हाताने विजेला हात लावू नये.

२. टाकीकडे जाणाऱ्या नळीवरचा कॉक बंद केला. खालचा नळ सोडून टाकीतले पाणी चार बोटे उतरवले. ते बादल्यांत धरले, वाया घालवले नाही.

३. दांडी जेथे अडकवलेली असते, तेथे दोन पायांची बारीक पिन असते. कारागीर तिला कॉटर पिन म्हणतात. तिचे पाय पकडीने सरळ करून ती ओढली. दांडी सुटली. पिन लगेच वाटीत ठेवली. ती टाकीत पडली तर शोधता शोधता दिवस जातो.

४. कॉकचे टोपण पान्याने सोडवले आणि दट्ट्या बाहेर काढला. वायसर पाहिले. रबर कडक झाले होते. सीटच्या कडेची गोल खाच त्यात उमटली होती.

५. जुने वायसर खिशात घालून दुकानात गेलो. नवे घेताना जुने दाखवावे, म्हणजे माप चुकत नाही. घरच्या नळ्या बहुधा अर्ध्या इंची, म्हणजे १५ मिलिमीटरच्या असतात. पण कॉक निरनिराळे असतात आणि अंदाज फसतो.

६. नवे वायसर बसवले. दट्ट्या, टोपण, दांडी, पिन हे उलट्या क्रमाने लावले. पिनेचे पाय पुन्हा फाकवले. मग पाणी हळूहळू सोडले.

मी ऐटीत खाली उतरलो. घरगल्लीत मंडळी वर पाहत उभी होती. अर्धा तास गेला. टाकी भरली. आणि... टप्. टप्.

मला वाईट वाटले. तेव्हा रिक्षावाले म्हणाले, "गुरुजी, सीट पुसली होती का? आमच्या इंजिनात असंच होतं. वाल नवा घातला आणि सीटवर घाण राहिली, तर काय उपयोग?"

मी सीट पुसली नव्हती. चाळीस वर्षे मी मुलांना "पाटी पुसल्याशिवाय लिहू नका" असे सांगत आलो. आणि मीच न पुसता लिहिले! पाणी पुन्हा बंद केले. दट्ट्या काढला. फडक्याच्या टोकाने सीट पुसली, तर गंजाचा एक कण निघाला. बाजरीच्या दाण्याहून लहान. सीटला खाच पडली नव्हती. पडली असती, तर सबंध कॉक बदलावा लागला असता. तेव्हा आट्यांवर टेफलॉनची पांढरी पट्टी गुंडाळावी लागते. आटे आपल्याकडे तोंड करून धरावेत आणि पट्टी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर आवळताना ती सुटते.

या वेळी गळती थांबली. उताराच्या तोंडाच्या दोन बोटे खाली पाणी येऊन स्थिरावले. तेथे मी खिळ्याने खूण केली. महिन्यातून एकदा झाकण उघडून ती खूण पाहतो.

बूच मारू नका

काही जणांना एक सोपा उपाय सुचतो. नळी गळते ना, मग मारा बूच! हे कधीही करू नका. आमच्या जुन्या चाळीत एका बिऱ्हाडाने नळीच्या तोंडात चिंधी कोंबून वर लाकडी खुंटी ठोकली होती. बाहेरची धार थांबली. पण आतला कॉक बिघडलेलाच होता. रात्री पाणी टाकीच्या काठावरून माळ्यावर आणि माळ्यावरून स्वयंपाकघरात आले. सकाळी तांदळाचा डबा, पिठाचा डबा, मुलांची दप्तरे, सगळे भिजले होते. चार आण्यांच्या वायसरपायी महिन्याचे धान्य गेले.

बूच नको, पण जाळी हवी. नळीच्या बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी आणि टाकीचे झाकण घट्ट बसवावे. हिवतापाचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. शहरातल्या टाक्या आणि विहिरी त्याला फार आवडतात. ही गोष्ट मुंबईला नवी नाही. मुंबईत ताप का पसरतो, याचा शोध डॉक्टर बेंटले यांनी घेतला. त्यांचा अहवाल १९११ साली निघाला. त्यात विहिरी आणि टाक्या यांच्याकडेच बोट दाखवलेले होते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा झाकण आणि जाळी पाहावी. जाळीत कचरा अडकला असेल तर काढावा, नाहीतर जाळीचेच बूच होते.

भिंतीचाही विचार करा. आमच्या धारेखाली तळमजल्यावरच्या आजींच्या खिडकीची पडदी होती. तिच्यावर शेवाळ धरले होते आणि फटीत पिंपळाचे रोप उगवले होते. ओल सिमेंटमधून आत शिरते, लोखंडी सळई गंजते, गंजली की फुगते आणि सिमेंटचा ढलपा सुटतो. त्या पडदीखाली मुले चेंडू खेळतात. आजी दोन वेळा माझ्याकडे सांगायला आल्या होत्या. "बघतो, बघतो" असे म्हणून मी त्यांना परत पाठवले होते. ते आता आठवले की मान खाली जाते.

मावशींची कळशी

सोमवारी वर्ग भरला. मागे शांत होते. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मावशी मात्र रिकामी कळशी मांडीशी घेऊन बसल्या होत्या.

त्या म्हणाल्या, "गुरुजी, चांगलं केलंत तुम्ही. पन माझ्या कळशीचं काय आता?"

मला उत्तर सुचले नाही. बाकीचेही गप्प झाले. वस्तीत त्यांच्या घराशी नळ नाही. खालच्या सार्वजनिक नळावर पहाटे रांग लागते. पाण्याचा एक एक हंडा मोजून वापरावा लागतो. आमच्या दोषावर त्यांचे दहा लिटर चालले होते.

मग रिक्षावाल्यांनीच हिशेब मांडला. "मावशी, रोज १२० लिटर पडत होतं. तुमच्या कळशीत आलं १०. बाकीचं ११० कुठं गेलं? गटारात. आणि तुम्हाला तरी गळकं पाणी का? नळाचं का नको?"

त्या दिवसापासून मावशी माझ्या घरच्या नळावर कळशी भरतात. माझी पत्नी म्हणाली, "बाहेर उभ्या राहू नका, आत या." पण एका कळशीने प्रश्न सुटत नाही, हे आम्हां सर्वांना कळत होते. म्हणून पुढच्या आठवड्याचा धडा आम्ही बदलला. धडा होता, 'नळासाठी अर्ज'.

मी वर्गाला सांगितले की, २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर एक निकाल दिला. राज्यघटनेच्या २१ व्या कलमाने माणसाला जगण्याचा हक्क दिला आहे आणि पाणी त्या हक्कातच येते. झोपडी बेकायदा आहे, एवढ्या कारणावरून तेथल्या माणसांना पाणी अजिबात नाकारता येत नाही. हे वाक्य मावशींनी दोनदा वाचून घेतले. पहिल्यांदा माझ्याकडून. दुसऱ्यांदा स्वतः, बोट ठेवून.

वस्तीत बहुधा काही घरांना मिळून एक जोडणी देतात. मावशींनी शेजारची घरे जमवली. अर्ज वर्गात लिहिला. नाव, पत्ता, घरातली माणसे, सोबतच्या कागदांची यादी, तारीख, सही. सहा जणांच्या सह्या झाल्या. दोघांचा अंगठा लागला. मावशींनी मात्र सही केली. शेवटचे अक्षर थोडे तिरके आले. त्या म्हणाल्या, "खोडू नका, ऱ्हाऊ द्या."

अर्ज विभाग कार्यालयात दिला. अर्जाची दुसरी प्रत नेली होती. तिच्यावर शिक्का आणि तारीख घेतली. याला पोच म्हणतात. पोच नसेल तर अर्ज दिला हे सांगायला पुरावा राहत नाही. मावशींनी ती पोच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फळीवर ठेवली आहे. नळ अजून आलेला नाही. दर पंधरा दिवसांनी त्या पोच घेऊन चौकशीला जातात आणि खिडकीवरची पाटी स्वतः वाचतात.

वाचक हो, तुमच्याही घराबाहेर एखादी नळी गळत असेल. आज मान वर करून पाहा. ती कोणाची, हे विचारा. तुमची असेल, तर येत्या रविवारी माळ्यावर चढा. आणि सीट पुसायला विसरू नका.

लक्षात ठेवा

उताराची नळी गळते, तेव्हा दोष टाकीच्या आत असतो.
गोळा उचलून पाहा. पाणी थांबले तर गोळा किंवा दांडी पाहा. न थांबले तर वायसर आणि सीट पाहा.
काम करण्यापूर्वी पाणी बंद, विजेचे बटण बंद.
बूच मारू नका. जाळी बांधा.
अर्ज दिला की पोच घ्या.

प्रश्न

१. बॉल कॉकमधला गोळा काय काम करतो?
२. पहिल्या वेळी नवे वायसर घालूनही गळती का थांबली नाही?
३. एका नळीखाली ३ तासांत ६ लिटरची बादली भरते. दिवसाला किती पाणी जाते? महिन्याला किती?
४. "गळकं पाणी का? नळाचं का नको?" असे रिक्षावाले का म्हणाले? आपसात बोला.

लिहा

तुमच्या इमारतीत किंवा वस्तीत पाणी कोठे वाया जाते? सोसायटीच्या चिटणीसांना किंवा विभाग कार्यालयाला पाच ओळींचे पत्र लिहा. खाली तारीख घाला. सही करा. अक्षर तिरके आले तरी चालेल.